अल-मुनक्कबच्या किनाऱ्यावर एक दिवस

लेकीच्या खोलीत पडदे लावून झाले होते. मसाल्याचे डबे फळीवर रचून झाले होते. विद्यापीठाच्या कचेरीतले कागद सही-शिक्क्यांसह हातात आले होते. स्पेनमधल्या ग्रनाडा शहरात आम्हाला आता एकच दिवस उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तिथेच ठेवून आम्हा दोघांना परतायचे होते.

आम्ही दोघेही शिक्षक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहणारे. एकीकडे उर्दू-मराठीचे तास, दुसरीकडे गणिताचे. मुलीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात आनंदही झाला आणि कुजबुजही झाली. तिच्या मोठ्या आत्यांनी तर तोंडावरच विचारले, "जवान मुलीला एकटीला इतक्या लांब ठेवणार? कुणाच्या भरवशावर?" आम्ही हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडेही नव्हते. दोहाला असलेल्या दिरांनी तिकिटांचा भार उचलला म्हणून निदान तिला पोचवायला येता आले.

उरलेल्या दिवशी कुर्तुब्याची मशीद पाहून यावी, असे तिच्या अब्बांचे म्हणणे होते. आमच्या पिढीच्या मनात ते नाव इक्बालने कोरून ठेवले आहे. पण लेक म्हणाली, "अम्मी, चार दिवस झाले, समुद्र दिसला नाही. समुद्रावर जाऊ या ना." खाडीच्या वाऱ्यावर वाढलेली पोर. ग्रनाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, चहूकडे डोंगर. तिला काय होत असेल ते आम्हाला कळले.

नकाशा उघडला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका गावाचे नाव दिसले: अल्मुन्येकर. दोनदा वाचल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे तर अल-मुनक्कब! हिजरी १३८, म्हणजे इसवी सन ७५५ मध्ये अब्दुर्रहमान अद्-दाखिल ज्या किनाऱ्यावर उतरला, तो हाच किनारा. अब्दुर्रहमानने लावलेल्या खजुराच्या झाडावर इक्बालची जी नज्म आहे, ती शिकवताना त्याचे नाव फळ्यावर कितीदा लिहिले असेल! आणि तो पहिल्यांदा जिथे पाय टेकला ती जागा बसने दीड तासावर होती.

कुर्तुबा राहिले. आम्ही समुद्राकडे निघालो.

उसाशाची खिंड

ग्रनाडा सोडून जेमतेम पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, रस्ता एका खिंडीतून वर चढला. स्पॅनिश लोक तिला 'मूराचा उसासा' म्हणतात. स्पेनमधल्या मुसलमानांना ते मूर म्हणत. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रनाडाच्या किल्ल्या राजा फर्डिनांड आणि राणी इसाबेला यांच्या हवाली करून शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह दक्षिणेकडे निघाला. आख्यायिका अशी की याच ठिकाणी त्याने वळून अल-हमराकडे शेवटचे पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले. तेव्हा त्याच्या आईने त्याला टोमणा मारला, की मर्दासारखे राखता आले नाही त्यासाठी आता बाईसारखा रडतोस.

वर्गात अंदलुसचा इतिहास सांगताना आम्ही नेहमी इथपर्यंत येऊन थांबत असू. मुलेही गप्प होत. आम्हाला वाटायचे, धडा छान रंगला.

लेकीला ही गोष्ट ठाऊक होती. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला त्या आईचा राग येतो. घर सुटलेल्या मुलाला रडू तरी द्यायचे!"

आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्या चार दिवसांत तिला रडताना आम्ही पाहिले नव्हते. आम्हीही तिच्यासमोर रडलो नव्हतो.

खिंडीनंतर रस्ता उतरू लागतो. संत्र्यांच्या आणि बदामांच्या बागा लागतात, ग्वादाल्फेओ नदीचे खोरे लागते. ग्वाद म्हणजे आपला वादी, नदीचे पात्र. मग एकाएकी समोर निळा भूमध्य समुद्र येतो आणि खडकावर चढून बसलेले साल्ब्रेन्या नावाचे पांढरेशुभ्र गाव दिसते. तिथून पश्चिमेला समुद्राच्या कडेकडेने पंधरा किलोमीटरवर अल्मुन्येकर. लेकीने बसची काच उघडायचा प्रयत्न केला, पण तिथल्या बसच्या काचा उघडत नाहीत. उतरल्या उतरल्या तिने पहिला श्वास घेतला तो खारा वारा छातीत भरून घेण्यासाठी.

कातळाच्या पायथ्याशी

गावाच्या दोन पुळणी आहेत आणि दोन्हींच्या मध्ये एक मोठा कातळ समुद्रात घुसला आहे. त्याला 'संताचा कातळ' म्हणतात. वर भला मोठा क्रूस उभा आहे. पायऱ्या चढून वर गेले की दोन्ही बाजूंचा किनारा नजरेत येतो. आणि त्याच कातळाच्या पायथ्याशी, समुद्राच्या शेजारी, अब्दुर्रहमानचा ब्राँझचा उंच पुतळा आहे.

पुतळ्यांशी आपले नाते नाही. आम्ही हार घालायला गेलो नव्हतो आणि फोटोसाठी रांगेतही उभे राहिलो नाही. पण एक गोष्ट मनाला लागली. मुसलमानांची सत्ता जाऊन ५०० वर्षे उलटलेले हे ख्रिस्ती गाव. वर क्रूस आणि खाली उमवी शहजादा. आमच्या गावाची कहाणी या माणसापासूनही सुरू होते, हे त्यांनी आपणहून मान्य केले आहे.

तिथल्या कठड्यावर बसून आम्ही त्याची गोष्ट पुन्हा आठवली. वर्गात जी दोन ओळींत आटोपायचो, ती.

इसवी सन ७५० मध्ये दमास्कसची उमवी खिलाफत कोसळली आणि अब्बासींनी उमवी घराण्याचा माणूस शोधून शोधून मारला. खलिफा हिशामचा हा नातू तेव्हा अवघ्या वीस वर्षांचा. फुरातच्या काठच्या एका गावात तो लपला होता. त्याचा चार वर्षांचा मुलगा घाबरून रडत आत आला. बाहेर पाहतो तर अब्बासींची काळी निशाणे जवळ आलेली. तेरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन त्याने नदीत उडी टाकली. काठावरून शिपाई ओरडू लागले, परत या, तुम्हाला अभय आहे. धाकटा दमला होता, बुडण्याला भ्याला होता. तो मागे वळला. अब्दुर्रहमान हाका मारत राहिला. पैलतीरावर पोचून त्याने पाहिले तेव्हा त्या पोराचे शिर धडावेगळे होत होते.

यापुढची पाच वर्षे म्हणजे नुसती पळापळ. फलस्तीन, मिसर, मग उत्तर आफ्रिका. सोबत बद्र नावाचा घरचा विश्वासू माणूस, मुक्त केलेला गुलाम. प्रत्येक गावात खबरे, प्रत्येक सुभेदाराला त्याचे डोके हवे. शेवटी आसरा मिळाला तो आईच्या माहेरी. त्याची आई बर्बर होती, नफ्झा टोळीतली. बापाकडच्या सगळ्या सल्तनतीने जे दिले नाही ते आजोळच्या तंबूंनी दिले.

तिथून बद्रला त्याने समुद्रापार पाठवले. अंदलुसमध्ये उमवी घराण्याचे जुने आश्रित होते, त्यांच्याशी बोलणी झाली. आणि ७५५ च्या उन्हाळ्याअखेरीस एक जहाज या किनाऱ्याला लागले. त्यातून उतरलेला माणूस चोवीस-पंचवीस वर्षांचा होता. त्याच्यापाशी ना फौज होती, ना खजिना. पुढच्या वर्षी ईदुल अज्हाच्या दिवशी कुर्तुब्याजवळ लढाई जिंकून तो अमीर झाला. त्याने ३२ वर्षे राज्य केले आणि ७८५ च्या सुमारास कुर्तुब्याच्या जामा मशिदीचे काम सुरू केले. ज्याच्या घराण्याने त्याचे घराणे संपवले, त्या खलिफा मन्सूरनेच त्याला 'कुरैशचा ससाणा' म्हटल्याचे इतिहासकार सांगतात.

तो फरिश्ता नव्हता. गादी टिकवताना त्यानेही पुष्कळ रक्त सांडले, आप्तांचेही. पण गादीवर बसल्यावरही त्याच्या मनातून घर गेले नाही. आजोबांचा सीरियातला रुसाफा नावाचा महाल होता. तेच नाव त्याने कुर्तुब्याबाहेरच्या आपल्या बागेला दिले. तिकडची डाळिंबे आणवून त्यांची इथे लागवड केली. तिथे एकटेच उभे असलेले खजुराचे झाड पाहून त्याने अरबीत चार ओळी रचल्या, की तूही माझ्यासारखेच आपल्या मुलखापासून दूर आलेले आहेस. इक्बालच्या 'बाले जिब्रील'मधली ती नज्म याच ओळींवरून उतरली आहे.

"म्हणजे एवढा मोठा अमीर होऊनही त्याला घरची आठवण यायची," लेक म्हणाली.

"यायचीच," तिचे अब्बा म्हणाले. "म्हणून तर झाड लावले. नुसता रडत बसला असता तर आज त्याची आठवण कुणी काढली असती?"

गणिताच्या शिक्षकाने त्या दिवशी आमच्या इतिहासाच्या धड्याला उत्तर दिले.

खारवलेली मासळी आणि मिसरचा कलश

गाव छोटे आहे, पंचवीस-तीस हजार वस्तीचे. टेकडीवर किल्ला आणि उतारावर पांढऱ्या घरांच्या अरुंद गल्ल्या. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावे अशा. कुंड्यांतून तांबडी फुले. दुपारपर्यंत सगळे पायी पाहून होते.

किल्ल्याखाली एल माहुएलो नावाची बाग आहे. देशोदेशीची ताडाची-माडाची झाडे तिथे लावली आहेत आणि त्यांच्या सावलीत जमिनीत खोदलेले चौकोनी हौद आहेत. हे रोमन काळातले मासळी खारवायचे हौद. इथल्या खाऱ्या मासळीचे नाव २,००० वर्षांपूर्वीच्या ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनेही लिहून ठेवले आहे. माशांपासून बनवलेला तिखट-खारट रस इथून जहाजाने रोमपर्यंत जाई. हौद बघून लेक म्हणाली, "दादीला दाखवायला हवे होते. ती म्हणाली असती, मीठ कमी टाकलंय." सुकट, सोडे आणि खारे बांगडे करण्यात सासूबाईंचा हात आमच्या मोहल्ल्यात कुणी धरत नाही.

रोमनांच्याही आधी इथे फिनिशियन व्यापारी आले होते, इसवी सनापूर्वी सुमारे ८०० वर्षे, आजच्या लेबनानच्या किनाऱ्यावरून. म्हणजे शामच्या बाजूचा माणूस या पुळणीवर उतरला तो काही अब्दुर्रहमानच पहिला नव्हे. गावात 'सात राजवाड्यांची गुहा' नावाचे छोटे संग्रहालय आहे. नावाला गुहा, प्रत्यक्षात रोमन इमारतीचे कमानदार तळघर. तिथे दगडाचा एक मिसरी कलश ठेवला आहे. त्यावर अपोफिस या फिरऔनचे नाव कोरलेले आहे. वय सुमारे ३,५०० वर्षे. नीलच्या काठचे भांडे समुद्राच्या या टोकाला येऊन पोचले! माणसे हिंडतात आणि त्यांच्याबरोबर भांडीही हिंडतात. आमच्या लेकीच्या फळीवरचा तो मसाल्याचा डबा आठवला.

वर सान मिगेलचा किल्ला. पाया रोमनांचा, भिंती मुसलमानांनी वाढवलेल्या. १४८९ मध्ये तो ख्रिस्ती राजांच्या ताब्यात गेला. पुढे नेपोलियनच्या फ्रेंच शिपायांनी तो धरला तेव्हा १८१२ मध्ये ब्रिटिश जहाजांनी तोफा डागून त्याची वाताहत केली. त्यानंतर कित्येक वर्षे गावाने आत कबरस्तान केले होते. राजवाड्याच्या जागी कबरी! एका शतकात जिथे दरबार, तिथे दुसऱ्या शतकात दफन. यावर आणखी बोलायची गरज नाही.

किल्ल्यात जमिनीखाली एक अंधारी कोठडी आहे. स्पॅनिशमध्ये अशा कोठडीला मास्मोरा म्हणतात. हा शब्द अरबी मतमूरावरून आला. मतमूरा म्हणजे धान्याचे पेव. जमिनीखालचे धान्याचे कोठार आणि जमिनीखालचा तुरुंग, दोहोंना एकच शब्द. तटावरून खाली पाहिले की एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरापर्यंत हिरवीगार बागायत. ही बागायत आमच्या मनात जास्त राहिली.

वांगी आणि काकवी

भूक लागली होती. परमुलखात मुसलमानाचे जेवण म्हणजे आधी चार प्रश्न. स्पेनमध्ये तर भाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे टाकायची रीत आहे, त्यामुळे भाजी म्हणजे निर्धोक असे समजून चालत नाही. एका खाणावळीत आम्ही न विचारता वाटाण्याची भाजी मागवली आणि ती तशीच परत करावी लागली. पैसे मात्र द्यावे लागले. पुढच्या ठिकाणी लेकीने तिच्या तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये नीट विचारून घेतले. मालकीणबाई वयस्क होत्या. त्यांनी भाजलेले तारली मासे आणि वांग्याचे तळलेले काप आणून ठेवले. वांग्यांवर काळसर, दाट असे काही ओतलेले.

चव घेतली आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिले. ही तर काकवी!

खरेच काकवी होती. इथे तिला 'उसाचा मध' म्हणतात. या किनाऱ्यावर १,००० वर्षे ऊस पिकला. अरबांनी ऊस इराणमार्गे हिंदुस्थानातून नेला आणि भूमध्य समुद्राच्या कडेने पसरवला. आपण साखर म्हणतो, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये असूकार. मूळ एकच, संस्कृतातले शर्करा. आपण वांगे म्हणतो, फारसीत बादिंगान, अरबीत बाझिंजान, स्पॅनिशमध्ये बेरेन्हेना. भाषातज्ज्ञ हाही धागा आपल्याच भूमीपर्यंत आणून सोडतात. नारिंग झाले नारंज, मग नारान्हा. म्हणजे आमच्या पुढ्यातल्या त्या एका बशीत वांगेही घरचे आणि काकवीही घरची. हजार वर्षांपूर्वी निघालेले ते आता आम्हाला परमुलखात भेटत होते.

स्पॅनिशमध्ये सुमारे ४,००० शब्द अरबी मुळाचे असल्याचे सांगतात. पाटाला असेक्या म्हणतात, ते अस्-साकिया. साकी शब्दाचे मूळही तेच, पाजणारा. पाण्याच्या टाकीला आल्बेर्का, ते अल-बिरका. ऑलिव्हच्या फळाला असेइतूना, ते अझ-झैतून. उशीला आल्मोआदा, ते अल-मिखद्दा. आणि 'असे होवो' म्हणायचे तर ओहाला, ज्यात अल्लाहचे नाव आजही आहे. बोलणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो.

१४९२ नंतर इथल्या मुसलमानांचे काय झाले ते आपण जाणतो. आधी धर्म बदलायची सक्ती झाली. मग भाषा, पोशाख, हमामखाने यांवरही बंदी. १५६८ मध्ये याच डोंगरांत मोठा उठाव झाला आणि तो चिरडला गेला. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे ३ लाख माणसे देशाबाहेर काढली गेली. ज्यांचे पणजोबाही याच मातीत जन्मले होते, त्यांना जहाजांत भरून आफ्रिकेला पाठवले. ही जखम खरी आहे, ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्यांनी खणलेले पाट राहिले, पिके राहिली, शब्द राहिले. बंदी घालणाऱ्यालाही साखर मागायची तर अरबी शब्दच वापरावा लागला.

उसाची गोष्ट मात्र संपली आहे. शेजारच्या साल्ब्रेन्याचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद पडला. युरोपातला उसावर चालणारा तो शेवटचा. आता त्याच पाण्यावर दुसरी फळे येतात. मालकीणबाईंनी शेवटी एक फळ कापून दिले, चिरीमोया. आपल्या सीताफळाचे सख्खे भावंड. वरून खवले कमी, आत तोच पांढरा गर आणि तशाच काळ्या बिया. दोघांचेही मूळ अमेरिका खंडातले. शिवाय आंबे! आपल्याकडे जून लागला की हापूस संपतो, इथे सप्टेंबरच्या अखेरीस बाजारात आंब्यांचे ढीग. चव? हापूसची सर नाही, हे आम्ही कोकणातले आहोत म्हणून नव्हे, अगदी इमानाने सांगतो.

मालकीणबाईंनी लेकीला काहीतरी विचारले. ती म्हणाली, "त्या विचारताहेत, हे तुझे आईवडील का? मी म्हटले, हो, उद्या जाणार आहेत." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुष्कळ काही बोलल्या. लेकीलाही सगळे समजले नाही. शेवटचे तेवढे समजले, "समुद्राची आठवण आली की इकडे ये."

आत्यांच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या पाठीवरच्या हाताने थोडेसे दिले.

पूर्वेकडे तोंड

त्या दिवसांत तिथे जुहरची वेळच दोन वाजून गेल्यावर होते. गावची दुकाने दुपारी मिटतात, रस्ते सुने होतात. बागेतल्या एका शांत कोपऱ्यात आम्ही बाटलीच्या पाण्याने वुजू केला आणि ओढणी अंथरली. सवयीने आमचे पाय पश्चिमेकडे वळले. लेकीने हाताला धरून फिरवले. "अम्मी, इथे किब्ला पूर्वेला आहे."

जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून सजदा केला. किब्ला म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, हे लहानपणापासून अंगात मुरलेले. इथे पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून उभे राहायचे. सलाम फेरल्यावर बराच वेळ आम्ही तसेच बसून राहिलो. दुआ मागायला हात उचलले तेव्हा शब्द सुचेनात. तेव्हा लेकीने खांद्यावर डोके टेकले आणि ती रडली. पहिल्यांदाच. तिला कुणी टोमणा मारला नाही. तिच्या अब्बांनीही चष्मा काढून पुसला.

जाणाऱ्यांसाठी थोडे

कुणाला जाणे झालेच तर चार गोष्टी सांगून ठेवतो. ग्रनाडाहून थेट बस मिळते. अल्मुन्येकरला रेल्वे नाही. सकाळी लवकर निघावे, कारण किल्ला आणि संग्रहालय दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सोमवार टाळावा. चढ आणि दगडी पायऱ्या पुष्कळ, म्हणून चांगली चप्पल-बूट हवेत. गुडघेदुखीवाल्यांनी किल्ला खालूनच पाहावा. हलाल मांस ग्रनाडातल्या मोरोक्कन दुकानांत मिळते. किनाऱ्यावर मासे खावेत, पण प्रत्येक पदार्थ विचारून. वुजूसाठी पाण्याची बाटली आणि छोटी जानमाज सोबत ठेवावी. भर उन्हाळ्यात पुळणी आंघोळीच्या कपड्यांतल्या पर्यटकांनी भरतात. मुलाबाळांसह जायचे तर सप्टेंबरअखेर किंवा वसंत ऋतू बरा; बाग, गल्ल्या आणि कातळावरची हवा तेव्हा निवांत मिळते. ग्रनाडात अल्बायसीन भागात २००३ मध्ये नवी मशीद उघडली आहे. समोर अल-हमरा दिसतो. जुम्याची नमाज तिथे नक्की अदा करावी.

परतताना

संध्याकाळच्या बसमध्ये लेक मधल्या बाजूला बसली. त्याच खिंडीतून गाडी वर चढली तेव्हा अंधार पडत होता. या वेळी कुणी मागे वळून पाहिले नाही. समोर ग्रनाडाचे दिवे लागलेले होते, त्यांतला एक तिच्या खोलीच्या गल्लीतला.

आमच्या मनात शाळेचा विचार चालू होता. यापुढे अंदलुसचा धडा शेवटच्या उसाशाने संपवायचा नाही, असे आम्ही ठरवले. तो सुरू करायचा त्या किनाऱ्यापासून. भाऊ गमावलेला, घर गमावलेला एक तरुण जिथे रिकाम्या हातांनी उतरला आणि पुढे झाड लावले. मुलांना सांगायचे, सल्तनत कुणाचीच टिकली नाही, उमवींचीही नाही आणि त्यांना हाकलणाऱ्यांचीही नाही. पाणी कसे वळवावे, ऊस कसा लावावा, परमुलखात कसे रुजावे, एवढे मात्र शिकून ठेवावे. ते कुणी हिसकावून घेऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घेताना लेक स्पॅनिशमध्येच म्हणाली, "आस्ता लुएगो." पुन्हा भेटेपर्यंत. आस्ता म्हणजे अरबीतले हत्ता, 'पर्यंत'. उर्दूत आपणही हत्ता म्हणतो. तिने ते मुद्दाम म्हटले, आमच्यातल्या उर्दूच्या शिक्षिकेसाठी. आम्ही तिला अल्लाहच्या हवाली केले आणि निघालो.

आता आम्ही आपल्या गावी आहोत. खाडीला भरती-ओहोटी तशीच आहे. आत्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा आम्ही त्यांना किब्ल्याची गोष्ट सांगितली. आम्ही मगरिबला उभे राहतो, त्या सुमारास तिच्याकडे जुहरची वेळ असते. आमचे तोंड पश्चिमेला, तिचे पूर्वेला. मध्ये काबा. पाहायला गेले तर आम्ही रोज समोरासमोरच उभे असतो.